कार्यालयभर वायफाय पोचवायचं आहे: रिपीटर, मेश की सरळ केबल?

सांजवारा | सोम, १०:१२

एका कार्यालयाचं वायफाय नव्याने लावायचं आहे. खरेदीआधी इथल्या जाणकारांकडून खातरजमा करून घ्यावी म्हणून हा धागा.

जागा अशी आहे. दोन मजले, प्रत्येक ४५ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद. इंटरनेटची लाइन तळमजल्यावर स्वागतकक्षाशेजारच्या छोट्या खोलीत येते, म्हणजे पार एका टोकाला. आज अख्ख्या इमारतीत तिथला एकच राऊटर आहे. मजल्याच्या मध्यावर रेकॉर्ड रूम, तिच्यात लोखंडी कपाटांच्या रांगा. तिच्यापलीकडे बैठकीची खोली. इमारतीला लागून मागे २० बाय १२ मीटरचं गोदाम. आवाराच्या फाटकावर एक केबिन, इमारतीपासून ८० मीटर. माणसं साठ, फोन, लॅपटॉप, प्रिंटर धरून उपकरणं दीडशे.

राऊटरखाली फोनवर -४० डीबीएम (सिग्नलची ताकद, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) दिसतं, बैठकीच्या खोलीत -८१. वरच्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला नेटवर्कचं नाव दिसतं, पण जोडणी टिकत नाही.

दर मजल्याला दोन रिपीटर (सिग्नल ऐकून तोच पुढे पाठवणारी पेटी) लावा, असा एक सल्ला मिळाला आहे. त्याने भागेल का? की मेश (आपसात बिनतारी बोलणाऱ्या पेट्यांचा संच) घ्यावं? केबल ओढायची झाली तर किती ठिकाणी आणि कुठे?

मोजपट्टी | सोम, १०:३१

रिपीटर घेऊ नका.

साध्या रिपीटरचा रेडिओ एका वेळी एकच काम करतो: ऐकतो किंवा बोलतो. राऊटरकडून आलेलं माहितीचं पॅकेट आधी ऐकायचं आणि मग तेच त्याच चॅनलवर (लहरींच्या त्याच पट्टीवर) पुन्हा बोलायचं. प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जातं, त्यामुळे वेग निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. पहिल्या रिपीटरला दुसरा जोडला की आणखी निम्मा. आणि ही दुप्पट बडबड त्या चॅनलवरच्या सगळ्यांना थांबायला लावते, जे थेट राऊटरला जोडलेत त्यांनाही.

दुसरी नेहमीची चूक जागेची. रेंज नाही तिथेच रिपीटर लावला जातो. बैठकीच्या खोलीत -८१ मिळत असेल तर तिथे ठेवलेल्या रिपीटरलाही तेवढंच मिळणार. फोनवर मात्र सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात, कारण फोन मोजतोय तो रिपीटरपर्यंतचा सिग्नल. रिपीटरच्या मागे काय चाललंय ते फोनला कळत नाही.

दोन-चार उपकरणांच्या घरात चालून जाईल. दीडशे उपकरणांना नाही.

कंदील | सोम, १०:४०

+१. निरोप्यालाच निरोप अर्धवट ऐकू आलाय, तो पुढे काय सांगणार?

आठ_पिना | सोम, ११:०५

केबलच ओढा. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या पेटीला (पुढे नुसतं एपी म्हणतो), स्विचपासून (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी) स्वतंत्र केबल. हा खर्च एकदाच होतो. एपी पाच-सहा वर्षांनी बदलले तरी केबल तीच राहते.

मर्यादा १०० मीटरची: ९० मीटर भिंतीतली कडक केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १०. नकाशावर सरळ रेघ मारून लांबी काढू नका. केबल रॅकमधून (स्विच ठेवायचं कपाट) वर चढते, छताच्या कडेने काटकोनात वळते, पुन्हा खाली येते. ४५ मीटरच्या मजल्यावर शेवटची ओढ ६० ते ६५ मीटर भरेल. म्हणजे तुमच्या दोन्ही मजल्यांना एकच रॅक पुरेल.

केबल कॅट ६ प्रतीची, पण तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात सीसीए नावाची केबल असते, आत ॲल्युमिनिअम आणि वरून तांब्याचा मुलामा. ओळखायची खूण: ब्लेडने तार खरवडा, आतून पांढुरकी चमकली तर ती सीसीए. पेटी उचलतानाही हलकी लागते. तिचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि एपीला वीज त्याच केबलमधून जाणार आहे. लांब ओढीवर व्होल्टेज पडतं, एपी एरवी नीट चालतो आणि गर्दीच्या वेळी, दोन्ही रेडिओ पूर्ण ताकदीने बोलू लागले की, रीस्टार्ट होतो. लोक मग फर्मवेअर (एपीमधलं सॉफ्टवेअर) बदलत बसतात.

टोकं करताना रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर फाकलेली आहे आणि तिच्या मधे निळी बसते, हे मुद्दाम लक्षात ठेवा. काही जण चारही जोड्या शेजारीशेजारी बसवतात. साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, कारण पहिली तार पहिलीला आणि आठवी आठवीला पोचलेली असते. पण ३ आणि ६ वर दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात, पीळ निरुपयोगी होतो आणि लांब ओढीवर चुका सुरू होतात. पीळ उलगडायचा तोही १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही.

पानगळ | सोम, ११:१८

वाचनखूण साठवली. आठ_पिना, एक शंका. सगळं जोडून झालं, वायफायवर जोडणीचा वेग ८६६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लिहून येतो, पण स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे हलत नाही. लाइन ३०० ची आहे. असं कशाने होतं?

आठ_पिना | सोम, ११:२६

९४ हा आकडा दिसला की वायफायकडे बघूच नका, केबलकडे बघा. १०० च्या जोडणीत डोक्यावरचा भार वजा जाऊन हातात ९४ उरतात. १०० ला दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटली, किंवा क्रिम्प करताना (टोक पकडीने दाबून बसवताना) पिनेपर्यंत पोचली नाही, की स्विच आणि एपी मुकाट १०० वर उतरतात. स्विचवरच्या त्या पोर्टच्या दिव्याचा रंग बघा, बहुतेक स्विचवर १०० आणि १००० चे रंग वेगळे असतात. टोक कापून पुन्हा करा, आधी एपीकडचं. छताखाली हात वर करून केलेलं टोकच बहुधा बिघडलेलं असतं.

शून्यप्रहर | सोम, १२:०२

वरच्या मताशी पूर्ण सहमत नाही. केबल उत्तम हे मान्य, पण भाड्याची जागा असेल, भिंत फोडायची परवानगी नसेल, किंवा जागा दोन वर्षांत सोडायची असेल तर? तीन रेडिओंचं मेश घेतलं तर आपसात बोलायला एक रेडिओ राखीव राहतो आणि वापरणाऱ्यांना दुसरे दोन. रिपीटरचं निम्म्याचं गणित तिथे जसंच्या तसं लागत नाही. अट इतकीच की उडी एकच असावी, म्हणजे प्रत्येक नोड (मेशमधली एकेक पेटी) थेट मुख्य नोडला जोडलेला असावा आणि दोघांमधला सिग्नल -६५ पेक्षा चांगला असावा. नोड अंधाऱ्या जागेत नको, उजेड आणि अंधाराच्या सीमेच्या थोडा अलीकडे हवा. मेशला सरसकट रिपीटरच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं आहे.

मोजपट्टी | सोम, १२:२०

शून्यप्रहर, राखीव रेडिओचा मुद्दा बरोबर आहे. पण इथली इमारत बघा. मुख्य नोड एका टोकाला, मधे लोखंडी कपाटांची भिंत. एका उडीत -६५ मिळणारच नाही. दोन किंवा तीन उड्या होतील आणि त्या सगळ्या त्याच एका राखीव चॅनलवर. मेश घ्यायचंच तर नोडना केबल जोडून घ्या. बहुतेक मेश संचांत ती सोय असते आणि केबल लावली की नोड साध्या एपीसारखा वागतो.

तिथे एक खड्डा आहे. काही संचांत केबल जोडल्यावरही नोड आपसातली बिनतारी जोडणी सोडत नाही. मग केबल आणि हवा मिळून वेटोळं तयार होतं, प्रसारणाची पॅकेट गोल गोल फिरत राहतात आणि मिनिटभरात अख्खं नेटवर्क आडवं होतं. स्विचवरचे सगळे दिवे एकाच तालात लुकलुकायला लागले तर हेच समजा. स्विचमध्ये एसटीपी (असं वेटोळं ओळखून तोडणारी सोय) चालू असावं आणि नोडमधली बिनतारी जोडणी हाताने बंद करावी.

शून्यप्रहर | सोम, १२:३३

केबलवरचं मेश, मान्य. या जागेसाठी तेच. पण भिंत न फोडताही केबल नेता येते: छताच्या कडेने प्लॅस्टिकची पट्टी, किंवा फॉल्स सीलिंगच्या वरून. फक्त विजेच्या तारांच्या पट्टीतून नको. काटकोनात ओलांडली तर चालेल, मीटरच्या मीटर शेजारून नको.

निळाई | सोम, १४:१५

आता एपी किती आणि कुठे ते बघू. एका मजल्याचं क्षेत्र ८१० चौरस मीटर. मधे कपाटं आहेत म्हणून दर मजल्याला तीन. गोदामाला दोन. एकूण आठ, फाटकाची केबिन वेगळी.

जागा ठरवताना भिंती मोजायच्या, मीटर नंतर. ५ गिगाहर्ट्झवर (वायफायचा एक पट्टा, दुसरा २.४ चा) जिप्समची आडभिंत साधारण ३ ते ४ डीबी (सिग्नलची घट मोजायचं माप) खाते, विटांची ६ ते १०, काँक्रीट १२ ते २० आणि त्याहून जास्तही. धातूचा मुलामा दिलेली काच दिसायला पारदर्शक असते, पण सिग्नलला जाड भिंतीइतकी अडवते. लोखंडी कपाटांची रांग तर पडदाच. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात. म्हणजे एक काँक्रीटची भिंत ओलांडणं हे मोकळ्यात अंतर चौपट करण्याइतकं महाग पडतं. म्हणून एपी लोकांच्या खोल्यांत बसवा. पॅसेजमध्ये ओळीने लावलेले एपी एकमेकांना खणखणीत ऐकतात आणि खोल्यांतल्या माणसांना भिंतीपलीकडून.

तुमच्याकडे दर मजल्याचे तीन असे: एक स्वागतकक्षाच्या बाजूच्या मोठ्या दालनात, एक रेकॉर्ड रूमच्या अलीकडे, एक पलीकडे. पलीकडचा बैठकीच्या खोलीच्या आतच. वरच्या मजल्यावर हेच तीन बरोबर डोक्यावर न ठेवता अर्ध्या अंतराने सरकवा, म्हणजे खालच्या दोघांच्या मधल्या जागेवर वरचा येईल.

छताचा एपी छतालाच, आडवा, तोंड खाली. त्याचा सिग्नल मेदुवड्यासारखा आडवा पसरतो. तोच भिंतीवर उभा लावला की निम्मा सिग्नल वरच्या मजल्याला आणि जमिनीला जातो. फॉल्स सीलिंगच्या वर लपवू नका, विशेषतः टाइल धातूच्या असतील किंवा शेजारून एसीचा डक्ट जात असेल तर.

उंबरठा | सोम, १४:३०

एपी थोडे कमी घेऊन प्रत्येकाची पॉवर पूर्ण ठेवली तर?

निळाई | सोम, १४:४८

नाही. वायफाय हे दोघांमधलं बोलणं आहे. एपी २३ डीबीएमने ओरडू शकतो, पण खिशातला फोन साधारण १२ ते १५ नेच उत्तर देणार. फोनला एपी ऐकू येतो, एपीला फोन येत नाही. कांड्या भरलेल्या आणि पान उघडत नाही, ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. शिवाय लांबचा एपी मोठ्याने ऐकू येत असल्यामुळे फोन त्यालाच चिकटून राहतो, डोक्यावरच्या एपीकडे जात नाही.

५ गिगाहर्ट्झवर १४ ते १७ ठेवा. २.४ वर त्याहून ६ डीबी खाली, कारण २.४ मुळातच लांब जातं. दोन्हींना सारखी पॉवर दिली तर फोन २.४ कडे ओढले जातात, आणि गर्दी व ब्लूटूथ तिथेच जास्त.

मोजपट्टी | सोम, १५:१०

चॅनलबद्दल. २.४ वर फक्त १, ६ आणि ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३ किंवा ८ सारखं मधलं चॅनल रिकामं दिसलं तरी घेऊ नका. त्याच चॅनलवरचे शेजारी निदान एकमेकांना ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट ओव्हरलॅप झालेले एकमेकांसाठी नुसता गोंगाट असतात. आठ एपींपैकी तीन-चारांचे २.४ चे रेडिओ सरळ बंद ठेवा. तिथे तीनच चॅनल आहेत, आठ आवाज मावत नाहीत.

५ वर रुंदी ४० ठेवा, फार गर्दी असेल तर २०. खोक्यावरचा मोठा आकडा ८० किंवा १६० च्या रुंदीचा असतो. ३६, ४०, ४४, ४८ ही चार चॅनल जोडली की ८० चं एकच होतं, आणि मग शेजारच्या एपीला वेगळं काय देणार? ५२ च्या पुढची बरीच चॅनल रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. तिथे एपी सुरू झाल्यावर किमान ६० सेकंद नुसता ऐकत बसतो आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडतो. विमानतळ किंवा हवामानाचं रडार जवळ नसेल तर बिनधास्त वापरा, पण एपीच्या नोंदींत रडार वारंवार दिसलं तर ते चॅनल यादीतून काढा.

नेटवर्कची नावं तीनच्या वर नेऊ नका. प्रत्येक नावासाठी प्रत्येक एपी सेकंदाला साधारण दहा वेळा आपली हाळी देतो आणि ती सगळ्यात हळू वेगाने दिली जाते. १ एमबीपीएसवर ३०० बाइटची हाळी हवेत अडीच मिलिसेकंद घेते. एका नावाला वेळेचे सुमारे अडीच टक्के. तीन नावं आणि त्याच चॅनलवर ऐकू येणारे तीन एपी म्हणजे २२ टक्क्यांच्या पुढे वेळ नुसता हाळ्यांत गेला, कुणी एक पान उघडायच्या आत. किमान वेग १२ वर न्या, हाळ्या आखूड होतात आणि लांबचे चिकटू फोनही सुटतात. फार जुना स्कॅनर किंवा प्रिंटर असेल तर तो १२ वर जोडला जातोय ना, ते आधी तपासा.

कंदील | सोम, १५:२२

अवांतर: २.४ वर लॅपटॉपच्या एकाच कोपऱ्यात त्रास होत असेल तर त्याला लावलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क काढून बघा. तिच्या तारेतला गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो. बिनतारी माऊस अडखळतो त्याचंही हेच कारण. माऊसचा रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शनने हातभर लांब नेला की शांत. मायक्रोवेव्हही २.४५ वरच चालतो, तेव्हा पॅन्ट्रीशेजारच्या टेबलांना ५ वर ठेवा.

गोदामपाल | सोम, १६:४०

गोदामाचं वेगळं सांगतो, कारण कार्यालयाचे नियम तिथे लागू होत नाहीत.

रिकाम्या गोदामात मोजलेली रेंज खोटी. माल भरला की रॅकच्या दोन गल्ल्यांमध्ये भिंत उभी राहते. पाण्याचे, तेलाचे किंवा रंगाचे डबे असतील तर सिग्नल शोषला जातो. धातूचे सुटे भाग असतील तर आपटून भलतीकडे जातो. नुसते पुठ्ठ्याचे खोके त्यामानाने सोपे. मोजायचं तर माल पूर्ण भरलेला असताना.

एपी गल्लीच्या तोंडाशी, गल्लीच्या लांबीच्या दिशेने बघणारा, दिशादर्शक अँटेनाचा. छत ८ मीटरच्या वर असेल तर छताला चहूकडे पसरणारा लावू नका, त्याला खालच्यापेक्षा शेजारचा एपीच जास्त ऐकू येतो. १२ मीटरच्या रुंदीत तीन किंवा चार गल्ल्या असतील, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन एपी पुरतील. फोर्कलिफ्टच्या मास्टच्या उंचीच्या वर, पण बीमच्या खाली.

हातातल्या स्कॅनरला वेग नगण्य लागतो, पण जोडणी तुटलेली खपत नाही. बारकोड वाचला आणि उत्तर आलं नाही की माणूस पुन्हा वाचतो आणि एक नग दोनदा चढतो. तिथे -६७ हे लक्ष्य धरा, स्कॅनर ज्या उंचीवर धरला जातो तिथे मोजून. आणि फोनने मोजू नका, त्या स्कॅनरनेच मोजा. त्याची अँटेना फोनपेक्षा बरीच वेगळी असते.

पानगळ | सोम, १६:५५

फाटकाची केबिन राहिली की. ८० मीटर म्हणजे १०० च्या आत, मग केबलच टाकता येईल?

आठ_पिना | सोम, १७:२०

तांब्याची नको. ८० ही सरळ रेघ आहे. खाली उतरून, चरातून वळून, केबिनमध्ये वर चढेपर्यंत १०० ओलांडेल. दुसरं, दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. वीज कडाडली की दोन अर्थिंगमधला दाब त्या केबलमधून वाट काढतो आणि स्विचसकट एपी जातात.

चर खणणं शक्य असेल तर फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल. काचेत वीज वाहत नाही, प्रश्नच मिटतो. सिंगल मोड, बाहेरच्या वापराची, पाइपमधून, आणि पाइपमध्ये एक जादा दोरी सोडून ठेवा. केबिनमध्ये छोटा स्विच, एपी आणि दोघांना पुरेल असा यूपीएस. वीज मात्र तिथलीच घ्यावी लागेल.

मोजपट्टी | सोम, १७:४१

चर शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा बिनतारी पूल, दोन दिशादर्शक डिश समोरासमोर. ८० मीटर त्यासाठी किरकोळ आहे. पण डिशला डिश नुसती दिसली म्हणून झालं असं नाही. लहरींना रेषेभोवती लांबट फुग्याएवढी मोकळी जागा लागते. ८० मीटरला मधोमध त्या फुग्याची त्रिज्या सुमारे १ मीटर. निदान ६० टक्के, म्हणजे ६० सेंटिमीटर, सगळ्या बाजूंनी मोकळं हवं. मधे ४ मीटर उंच ट्रक उभा राहत असेल तर रेषा ५ मीटरच्या वरून न्या. झाडाची फांदी आज बाजूला असेल, पावसाळ्यात पानांनी भरून आत येईल. आणि पुलाचं चॅनल आतल्या एपींना देऊ नका.

उंबरठा | मंगळ, ०९:१०

रेंज भरपूर, पण सकाळी अकरानंतर येणाऱ्यांना जोडताच येत नाही, ही तक्रार कशात मोडते? बंद-चालू केलं की काही वेळ बरं.

शून्यप्रहर | मंगळ, ०९:३५

पत्ते संपले, म्हणजे जोडताना प्रत्येक उपकरणाला मिळणारे आयपी पत्ते. राऊटरमध्ये वाटायचे पत्ते बऱ्याचदा १०० वर मर्यादित असतात आणि प्रत्येक पत्ता २४ तास अडकून राहतो. पाहुणा दहा मिनिटं येऊन गेला तरी त्याचा पत्ता उद्यापर्यंत गुंतलेला. लॅपटॉपवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर खात्रीच. राऊटर बंद-चालू केल्यावर त्याची यादी पुसली जाते म्हणून तात्पुरतं बरं वाटतं.

साध्या जाळ्यात २५४ पत्ते मावतात. दीडशे उपकरणं आणि वर पाहुणे म्हणजे काठावर. पाहुण्यांचं जाळं वेगळं करा आणि तिथे पत्त्याची मुदत एक-दोन तास. हल्लीचे फोन ओळख लपवायला बनावट हार्डवेअर पत्ता वापरतात आणि काही तो बदलतही राहतात, त्यामुळे एकच फोन दोन-तीन पत्ते खाऊ शकतो.

याच ओघात, जुना राऊटर एपी म्हणून वापरणाऱ्यांसाठी: आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदला, मग त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल लॅन पोर्टला (आतल्या जाळ्याच्या) लावा, वॅनला (इंटरनेट लाइनच्या) नाही. डीएचसीपी चालू राहिलं तर जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि निम्म्या लोकांना बाहेर इंटरनेटकडे जायचा चुकीचा दरवाजा (गेटवे) मिळतो.

सांजवारा | बुध, १८:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपीटर रद्द. आठ एपी, प्रत्येकाला तांब्याची कॅट ६, केबिनला फायबर, कारण चर खणता येणार आहे. स्विच १६ पोर्टचा, केबलमधून एपीला वीजही देणारा. एका एपीला १५.४ वॉट धरून आठांचे सुमारे १२३ होतात, म्हणून एकूण क्षमता १५० वॉटची बघतोय.

निळाईंनी सांगितल्याप्रमाणे जागा आखल्या आणि ड्रिल करण्याआधी एक एपी उंच स्टँडवर बांधून, पॉवर १५ ठेवून मोजलं. बैठकीच्या खोलीत -५२. दार बंद करून बाहेरच्या पॅसेजमध्ये -६३. पण रेकॉर्ड रूमच्या अलीकडच्या एपीचा सिग्नल जिन्याजवळ एकदम -७६ ला पडतो, दोनच पावलांत. तिथून लोक फोनवर बोलत वर जातात.

निळाई | बुध, १८:३२

दोन पावलांत पडतोय म्हणजे जिन्याची काँक्रीटची भिंत आणि कपाटाचा कोपरा एका रेषेत आलेत. पॉवर वाढवून सुटणार नाही. एपी तीन-चार मीटर जिन्याकडे सरकवा, जिन्याचं दार एपीला दिसेल असा. फोन दुसऱ्या एपीकडे जायचं साधारण -७० ला मनावर घेतो. तोवर त्याला नवा एपी -६७ किंवा चांगला ऐकू यायला हवा. जिन्याच्या मधल्या वळणावर खालचा आणि वरचा दोन्ही ऐकू आले पाहिजेत.

स्विचबद्दल: एपीच्या माहितीपत्रकात कमाल वॉट बघा. २५ वॉट मागणारा एपी १५.४ च्या पोर्टवर सुरू होतो, पण एखादा रेडिओ बंद ठेवतो किंवा पॉवर उतरवतो, आणि कुठे बोभाटा करत नाही. ३० वॉटचे पोर्ट घ्या. आठही एपी असे असतील तर २४० लागतील.

मोजपट्टी | बुध, १८:५०

आणि कुठल्या एपीकडे जायचं हे शेवटी फोन ठरवतो. एपी फक्त शेजाऱ्यांची यादी देऊ शकतो आणि सुचवू शकतो, त्या सोयी म्हणजे वायफायच्या मानकातले ८०२.११ के आणि व्ही. ८०२.११ आर मुळे नव्या एपीशी ओळख पटवायचा वेळ वाचतो, कॉल चालू असताना तो फरक कानाला कळतो. तिन्ही चालू ठेवा, मात्र सगळ्या एपींवर नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार आणि मागचं जाळं अक्षरशः एक हवं. गोदामातले स्कॅनर आर चालू असताना जोडलेच गेले नाहीत तर त्यांच्यासाठी तेवढं एक वेगळं नाव करा.

चाचणी अशी: लॅपटॉपवरून राऊटरच्या पत्त्याला सेकंदाला पाच पिंग (उत्तर येतं का ते बघणारी छोटी पॅकेट) लावून ठेवा, फोनवर कॉल चालू ठेवा आणि स्वागतकक्षापासून जिन्याने वर, टोकापर्यंत, चालण्याच्या वेगाने जा. बाहेरच्या साइटला पिंग करू नका, नाहीतर लाइनचा दोष वायफायच्या माथी येईल. ज्या जागी सलग तीन-चार पिंग चुकतील तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा.

आठ_पिना | बुध, १९:१५

जिन्याजवळचा एपी आताच सरकतोय, म्हणजे माणसं बसल्यावर अजून एखादा सरकेल. प्रत्येक ओढीला एपीच्या टोकाशी तीन मीटर केबल जास्तीची सोडा, फॉल्स सीलिंगच्या वर सैल वेटोळं करून, वाटीएवढं घट्ट नाही, ताटाएवढं. दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा, टोकापासून वीतभर आत, म्हणजे टोक कापून पुन्हा केलं तरी नंबर राहील.

सांजवारा | बुध, १९:२४

तीन मीटर धरून लांब ओढ ६७ वर जाते, मर्यादेत आहे. ३० वॉटचाच स्विच घेतो. जिन्याची नवी जागा उद्या सकाळी, सगळे कामावर असताना, मोजून इथेच आकडे टाकतो.